जळगावच्या हातमशीनवरून बांगलादेशातल्या गाझीपूरच्या कारखान्यात: सुती स्वेटरची पहिली खेप

खानदेशातली थंडी सकाळ-संध्याकाळची. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी अंगातला स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. ॲक्रिलिक घाम धरतं, लोकर टोचते. म्हणून जाड सुती स्वेटरला इथे गिऱ्हाईक आहे. जळगावच्या एका ताईंचा छोटा ब्रँड नेमका हाच माल करतो. जळगाव, धरणगाव, चोपडा पट्ट्यातल्या बायका सात गेजच्या (इंचाला सात सुया) हातमशीनवर घरी पल्ले, म्हणजे स्वेटरचे सुटे भाग, विणतात, जोडणी सुईने हाताने होते. एक नग दीड-दोन दिवस खातो. हंगामाला शे-दीडशे नग असेपर्यंत हे ठीक चाललं. दुकानदारांची मागणी सहाशेवर गेल्यावर ताईंनी विणकाम बाहेर द्यायचं ठरवलं आणि ते जुळवून देण्याचं काम आम्ही घेतलं. आमच्यातला एक विणकामातला, दुसरा आयातीच्या कागदांतला.

लुधियाना का नाही, हे सगळेच विचारतात. लुधियाना आधी पाहिलं. तिथे कारागीर आहेत, मशीन आहेत. पण आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांचं सगळं गणित ॲक्रिलिक आणि लोकरीवर बसलेलं, आणि दिवाळीआधीच्या महिन्यांत सहाशे नगांच्या सुती कामाला मशीन मोकळी करायला कोणी तयार नव्हतं. तिरुपूरचा पसारा मुख्यतः गोल विणकामाच्या कापडाचा, म्हणजे टी-शर्टचा. आपल्याला हवं होतं सपाट मशीनवर आकारातच विणलेले पल्ले आणि डायलवर टाक्याला टाका जोडलेला गळा. ढाक्याच्या आसपास, म्हणजे गाझीपूर, सावार, आशुलिया, नारायणगंज या पट्ट्यात हे काम कारखान्यांच्या रोजच्या सवयीचं आहे. तिथला मोसम युरोपच्या हिवाळ्यासाठी चालतो, साधारण एप्रिल ते सप्टेंबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मशीन रिकामी असतात आणि छोट्या ऑर्डरला दार तेव्हाच उघडतं. याची किंमतही आहे: जानेवारीत विणलेला माल ऑक्टोबरात विकायचा, म्हणजे पैसा सात-आठ महिने गोदामात अडकणार. ज्याला हे झेपत नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

कारखाना निवडताना वेबसाइटवरचे फोटो बाजूला ठेवले. मागितली ती मशीनची यादी: कोणत्या गेजची किती, जपानी शिमा सेकीची की जर्मन स्टोलची की चिनी, आणि लिंकिंगच्या, म्हणजे पल्ले टाक्याला टाका जोडण्याच्या, डायल किती पॉइंटच्या (काट्यांच्या). कित्येक कारखान्यांत बारा गेजचीच मशीन भरपूर असतात आणि सात गेजचं काम गुपचूप दुसरीकडे जातं. मग नमुना एका जागचा, माल दुसऱ्या जागचा. म्हणून करारात "उपकंत्राट लेखी परवानगीशिवाय नाही" हे वाक्य घातलं. इमारतीच्या सुरक्षिततेसाठी वेगळं पाहिलं. २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार गेले, त्यानंतर तपासणीची व्यवस्था उभी राहिली; २०२० पासून ते काम आरएमजी (तयार कपडे) सस्टेनेबिलिटी कौन्सिल करते आणि कारखान्यागणिक दुरुस्त्या किती झाल्या, किती बाकी, हे जाहीर करते. कौन्सिलच्या यादीत नाव नसेल तर तिथे बोलणी पुढे नेली नाहीत.

आता मुख्य काम. ताईंकडे स्वेटर होता, आकडे नव्हते. हातमशीनवर काम करणारी बाई कॅरेजवरचा (सुयांवरून सरकणाऱ्या भागावरचा) टाक्याचा आकडा सांगते, "साडेसातवर चालवते", पण तो आकडा त्या मशीनपुरताच. शेजारणीच्या मशीनवर साडेसात म्हणजे वेगळा टाका. कारखान्याला हे काही उपयोगाचं नाही. त्याला एका टाक्यात किती सूत जातं ते सांगावं लागतं.

ते काढण्याची रीत सोपी आहे. शंभर सुया घ्यायच्या, दोन्ही कडांच्या टाक्यांना वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण करायची, साठ-सत्तर ओळी साध्या विणायच्या. मधली एक ओळ खुणेपासून खुणेपर्यंत उसवायची, धाग्याची वळणं सरळ होतील इतपतच ताणून फुटपट्टीवर मोजायची. पाच ओळींची सरासरी घ्यायची. आमच्या मूळ नमुन्यात शंभर टाक्यांना ९५ सेंटिमीटर सूत लागत होतं, म्हणजे टाक्याला साडेनऊ मिलिमीटर. धुऊन, वाळवून, एक दिवस सपाट ठेवल्यावर त्याच कापडात दहा सेंटिमीटर रुंदीत ४३ टाके आणि दहा सेंटिमीटर उंचीत ५५ ओळी भरल्या. सपाट ठेवलेल्या स्वेटरची छाती ५४ सेंटिमीटर हवी तर ५.४ गुणिले ४३, म्हणजे २३२ टाके. टाक्यातलं सूत ९५ चं ९७ झालं की तेच २३२ टाके ५५ सेंटिमीटर भरतात. कारखान्याला छातीवर एक सेंटिमीटरची सूट दिलेली असते; ती सगळी या दोन सेंटिमीटरांत संपली. आमच्या तांत्रिक पानावर म्हणूनच सगळ्यात वर हा आकडा होता, चित्र त्याच्या खाली.

वेगवेगळ्या घरांतून आलेले सहा स्वेटर असे उसवून मोजले तर टाका ९१ पासून १०१ पर्यंत निघाला. चोपड्याच्या एका मावशींचा हात घट्ट, धरणगावच्या दोघींचा सैल. दुकानात हे खपून जातं, कारण गिऱ्हाईक अंगाला लावून घेतं. सहाशे नगांना मात्र "मूळ" कोणता हे एकदाच ठरवावं लागतं. ताईंनी मावशींचा नाही, मधला निवडला. घट्ट टाका दिसायला छान, पण जड आणि कडक होतो.

सुताचं त्यानंतर. ताई वापरत होत्या ते वीस नंबरचं दोनपदरी सूत, तीन धागे एकत्र. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. इंग्रजी नंबर आणि मेट्रिक नंबर यांत गल्लत हमखास होते. आपल्याकडे गिरणीत इंग्रजी नंबर बोलतात, स्वेटर कारखान्यात बहुतेक मेट्रिक. इंग्रजी नंबराला १.६९३ ने गुणलं की मेट्रिक मिळतो. वीसचं दोनपदरी म्हणजे मेट्रिक ३४ चं दोनपदरी, एकत्र १७. तीन धागे घेतले की साधारण ५.६. सात गेजला ढोबळ नियम असा की गेजचा वर्ग भागिले नऊ, म्हणजे ५.४ च्या आसपास. आपलं बसतं. पानावर नुसतं "२/२०" लिहिलं तर मेट्रिक समजून कितीतरी जाड सूत येऊ शकतं, म्हणून पद्धतीचं नाव शब्दांत लिहिलं.

आपल्या भागात कापूस उदंड, सूतगिरण्याही आहेत, मग सूत इथलंच का नाही पाठवलं? एक कारण पिळाचं. मागावर कापड विणण्यासाठी कातलेल्या सुताला पीळ जास्त असतो. पिळाचा गुणक चारच्या वर. होजिअरीच्या, म्हणजे स्वेटर-बनियनच्या, सुताला साडेतीनच्या आसपास. जादा पिळाच्या सुताचा स्वेटर धुतल्यावर तिरका होतो, बाजूची शिवण पोटावर येते. दोनपदरी सुतात पदरांचा पीळ एकेरी पिळाच्या उलट दिशेने, साधारण दोन तृतीयांश दिला की तोल बसतो. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. मीटरभर सूत कोनावरून (शंकूच्या आकाराच्या रिळावरून) न पिळता काढा, दोन्ही टोकं हळूच जवळ आणा. मधला फास उघडा लोंबत राहिला तर सूत निवळलेलं. स्वतःभोवती गरगर गुंडाळला तर नको. गावातल्या गिरणीतून आणलेलं सूत दोनदा गुंडाळलं गेलं, तिथेच विषय संपला.

दुसरं कारण वाहतुकीचं. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भारतीय सूत जमिनीवरच्या नाक्यांतून घेणं थांबवलं. तीनशे-सव्वातीनशे किलो सुतासाठी न्हावा शेवाहून चट्टोग्रामपर्यंत बोट धरणं आतबट्ट्याचं. म्हणून कारखान्याला तिथल्याच गिरणीचं कोम्ब्ड (विंचरलेलं) होजिअरी सूत घ्यायला सांगितलं. पुढे मूळ देशाच्या दाखल्यालाही ते सोयीचं पडलं.

सूत किती लागेल या हिशोबात बहुतेक नवे लोक चुकतात. मध्यम मापाचा नग ४८० ग्रॅम, सहाशे नग, म्हणजे २८८ किलो, असं धरतात. मापांचं प्रमाण एक-दोन-दोन-एक होतं: लहान १००, मध्यम २००, मोठं २००, एक्सएल १००. वजनं अनुक्रमे ४४५, ४८०, ५१५, ५५५ ग्रॅम. बेरीज २९९ किलो. त्यावर विणताना, कोनाच्या तळाला, तुटलेल्या पल्ल्यांत सहा टक्के घट धरली की ३१८ किलो. मध्यम मापावर हिशोब केला असता तर विणकामाच्या शेवटी अकरा-बारा किलो कमी पडले असते. सूत कमी पडण्यापेक्षाही मोठी अडचण म्हणजे वरचं सूत दुसऱ्या घाण्यात रंगतं, आणि दोन घाण्यांचा निळा कधीच एक नसतो.

रंग तीन हवे होते. कारखान्याने रंगामागे तीनशे नग मागितले, कारण रंगाईच्या टाकीला त्यापेक्षा कमी सूत परवडत नाही. ताईंनी तिसरा रंग सोडला. तो पुढे हातमशीनवरच केला. गर्द निळा आणि विटकरी, प्रत्येकी १५९ किलो, एकेका घाण्यात. नमुन्याचे छोटे रंग आधी मागवले, दिवसाच्या उजेडात आणि दुकानाच्या ट्यूबखाली दोन्हीकडे पाहिले. विटकरी रंग एका नमुन्यात उन्हात बरोबर आणि ट्यूबखाली तपकिरी दिसला. रंगांची मिसळण बदलून घेतली. गर्द रंगाला घासून रंग सुटण्याची चाचणी कोरडी आणि ओली दोन्ही घ्यावी. ओल्या घासण्यात गर्द निळा कमी गुण घेतो आणि पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर तक्रार उमटते. रंगल्यावर कोन पुन्हा मेणावरून गुंडाळून घेतले का, हेही विचारून घ्यावं. रंगाईत मेण धुतलं जातं. मेण नसलं की सूत सुईवर घासतं, तुटतं, कापडात बारीक भोकं पडतात.

नमुन्यांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात: पहिला कच्चा, मग फिटिंगचा, मग सगळ्या मापांचा संच, शेवटी खऱ्या सुतात आणि खऱ्या रंगात केलेला मालाआधीचा नमुना. त्यावर सही होऊन सील लागतं. घाईत मापांचा संच वगळतात. तो वगळू नये. मध्यम बरोबर बसला म्हणून एक्सएलची बाही बरोबर येईल असं नसतं.

आमच्याकडे अडलं ते वेणीवर. ताईंच्या स्वेटरची ओळख म्हणजे छातीवरची सहा टाक्यांची वेणी, तीन टाके तिनावरून. हातमशीनवर बाई टाके सुईवरून काढते, ओलांडते, हलक्या हाताने परत बसवते. संगणकी मशीनमध्ये सुयाच टाके पलीकडच्या पलंगावर, म्हणजे सुयांच्या दुसऱ्या रांगेवर, देतात आणि पलंग बाजूला सरकतो. लोकर ताण सोसते, सुताला लवचीकपणा नाही. तिनावर तीन ओलांडताना कडेचा टाका तुटतो. पहिल्या नमुन्यात वेणीच्या कडेला चार भोकं होती. कारखान्याचं म्हणणं, वेणी दोनावर दोन करा. तसं केलं असतं तर तो स्वेटर ताईंचा राहिला नसता. मार्ग असा निघाला: ओलांडायच्या आधीच्या एका ओळीत फक्त त्या सहा सुयांवर टाका सैल ठेवायचा, त्या ओळीला मशीनचा वेग कमी करायचा, आणि दोन ओलांडण्यांमधलं अंतर आठ ओळींवरून दहावर न्यायचं. तुटणं जवळजवळ थांबलं. वेणी कापड आत ओढते म्हणून समोरच्या पल्ल्याला सुया वाढवाव्या लागल्या. मागच्याइतक्याच ठेवल्या असत्या तर छाती मागे ५४ आणि पुढे ५१ भरली असती. हळू चालवण्याचे पैसे पडतात. विणकाम मिनिटावर आकारतात. आमचा समोरचा पल्ला २० मिनिटं, मागचा १४, बाह्या ११-११. ५६ मिनिटांत सहाशे नग म्हणजे एका मशीनचे ५६० तास. चार मशीन दिवसाला वीस तास चालल्या तर आठवडा. त्यातल्या समोरच्या पल्ल्याची चार मिनिटं निव्वळ वेणीची.

गळ्याचं मोजमाप दोनदा द्यावं लागतं, एकदा सैल आणि एकदा पूर्ण ताणून. मोठ्या माणसाचं डोकं जायला ताणलेला गळा निदान ६० सेंटिमीटर हवा. सुती रिब (गळ्याची ताणणारी पट्टी) लोकरीइतकी ताणत नाही. फिटिंगच्या नमुन्याचा गळा सैल असताना अगदी मापात होता, ताणल्यावर ५५ वर थांबला. एका मावशींनी डोक्यात घालून पाहिला आणि सांगितलं, "मोजीसन नको दखा, घालीसन दखा." कारण लिंकिंगच्या दोऱ्यात होतं. दोरा घट्ट ओढला गेला होता. लिंकिंगमध्ये पल्ल्याचा प्रत्येक टाका डायलच्या एकेका काट्यावर चढवायचा असतो. सात गेजच्या कापडाला आठ किंवा दहाची डायल. डायल फार बारीक घेतली तर टाके दाटून गळा आवळतो, जाड घेतली तर लाट येते. एक टाका काट्यावर चढवायचा राहिला तर लगेच दिसत नाही. धुलाईनंतर तिथून शिडी सुटते. त्यामुळे लिंकिंगनंतर, धुण्याआधी, प्रत्येक गळा आतल्या ट्यूबलाइटवर ताणून पाहायचा आणि सुटलेला टाका सुईने उचलून घ्यायचा, हे करारात लिहिलं.

धुलाईत साधं पाणी, मऊ करणारं सिलिकॉन, पाणी काढणं, मग गरम ड्रममध्ये सुकवणं. सुती विणकाम धुतल्यावर लांबीत बसतं आणि रुंदीत थोडं पसरतं. आमच्या कापडात लांबी पाच टक्के गेली. ६६ सेंटिमीटर हवी तर विणताना ६९.५ धरायची. कारखाना मऊपणा दाखवायला सिलिकॉन सढळ हाताने टाकतो. हात फिरवला की गिऱ्हाईक खूष. पण टाके एकमेकांवरून घसरतात आणि हँगरवर आठवडाभर लटकलेला स्वेटर दोन इंच लांब होतो. सीलच्या नमुन्याला आम्ही हँगरवर टांगून ठेवून मगच सही दिली. दुकानदारांनाही सांगावं लागलं: घडी घालून ठेवा, टांगू नका.

वजनाचा वाद मात्र कारखाना आणि ताई दोघेही प्रामाणिक असताना झाला. ढाक्यात सीलचा नमुना ४८० ग्रॅम. तोच नमुना जळगावात एप्रिलमध्ये ४६० भरला. ताईंना वाटलं सूत मारलं. कापूस हवेतला ओलावा धरतो. व्यापारात तो सुक्या वजनाच्या साडेआठ टक्के धरतात, आणि ढाक्याच्या हिवाळ्यात तो त्याच्याच आसपास असतो. एप्रिलमध्ये जळगावचा पारा चव्वेचाळीसला टेकतो, दुपारची हवा इतकी कोरडी की कापसात चारेक टक्केच उरतो. ४८० ग्रॅमच्या नगात सुका कापूस ४४२ ग्रॅम. त्यावर चार टक्के म्हणजे ४६०. हाच नग ऑगस्टच्या ढाक्यात ४९० च्या जवळ जाईल. वजनावर पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे २४ ग्रॅम. नुसत्या हवेने त्यातले वीस खाल्ले. यावर उपाय म्हणजे वजन कुठे, किती आर्द्रतेत घेतलं ते लिहायचं, आणि शंका आली तर टाक्यातलं सूत उसवून मोजायचं. सुताच्या लांबीला ऊन लागत नाही. ९५ होतं, ९५ च निघालं.

तपासणीला तिऱ्हाईत संस्था नेमली. सहाशेच्या खेपेला नमुना-तपासणीच्या ठरलेल्या तक्त्यातल्या (एक्यूएल) सर्वसाधारण दुसऱ्या पातळीवर नमुना ८० नगांचा. मोठ्या दोषाला अडीचची मर्यादा, म्हणजे ८० मध्ये पाचपर्यंत चालतील, सहाव्याला खेप नाकारायची. किरकोळ दोषाला चारची, सातपर्यंत पास. पण मोठा कोणता आणि किरकोळ कोणता हे आधी लिहून दिलं नाही तर तपासनीस आपल्या समजुतीने ठरवतो. आमच्या यादीत सुटलेला टाका, भोक, आडवा पट्टा, गळ्याचा ताण ६० पेक्षा कमी, अंग आणि रिब यांच्या रंगातला फरक, बाजूची शिवण तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकणं, तेलाचा डाग हे मोठे. आतला लोंबता दोरा, लेबल किंचित तिरकं हे किरकोळ. तुटलेल्या सुईचा तुकडा याला मर्यादाच नाही, एकही चालणार नाही. प्रत्येक नग धातुशोधकातून जायला हवा आणि तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे नोंदवहीला चिकटवलेले हवेत. मोठे दोष चार निघाले, त्यातले तीन आडव्या पट्ट्यांचे: एकाच रंगाचे पण गुंडाळणी वेगळी असलेले कोन एका पल्ल्यात आले की अंधुक पट्टा दिसतो. खेप पास झाली. तरीही आडव्या पट्ट्यांसाठी विटकरी रंगाचे सगळे तीनशे नग पुन्हा पाहून घेतले, आणि याचे पैसे वेगळे पडले नाहीत, कारण माल निघायच्या आधी सांगितलं. निघाल्यावर सांगितलेल्या दोषाला सवलत मिळते, दुरुस्ती मिळत नाही.

पेटी ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरची, वीस नग. तीस पेट्या, जवळपास २.९ घनमीटर. विमानाने मागवण्याचा मोह होतो, तिथे हिशोब वेगळा. पेटीचं खरं वजन साडेअकरा किलो, पण विमान कंपनी आकारमान भागिले सहा हजार धरते, म्हणजे सोळा किलोचे पैसे. स्वेटर म्हणजे बरीचशी हवाच. बोटीने पाठवायचं तर ओलावा सांभाळा: सुकवल्यावर लगेच पिशवीत घालायचं नाही, आधी थंड होऊ द्यायचं. गरम नग पिशवीत घातला की आत वाफ धरते आणि न्हावा शेवाला पेटी उघडताना बुरशीचा वास येतो.

कागदांपैकी चार गोष्टी अडवतात. आयात-निर्यात कोड ताईंनी आधीच काढला होता. दुसरी, बंदर. १७ मे २०२५ पासून बांगलादेशातून तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांतून घेता येत नाहीत, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या समुद्री बंदरांतून. जळगावला न्हावा शेवा सोयीचं. तिसरी, शुल्क. साफ्ता या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात अल्पविकसित देश म्हणून बांगलादेशी कपड्यांना सीमाशुल्कात सूट आहे. पण ती मूळ देशाच्या दाखल्यावर, जो तिथला एक्स्पोर्ट प्रमोशन ब्युरो देतो. २१ सप्टेंबर २०२० पासून नुसता दाखला पुरत नाही: माल तिथे कसा तयार झाला, सूत कुठलं, मूल्यवाढ किती, याची माहिती आयात करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची असते, अधिकारी विचारू शकतात. तिथल्याच गिरणीचं सूत घेतल्याने हे उत्तर एका ओळीत देता आलं. दाखला, इन्व्हॉइस आणि पेट्यांची यादी यांत मालाचं वर्णन अक्षरशः एकच हवं. कुठे "पुलओव्हर" आणि कुठे "स्वेटर" असलं की प्रश्न येतो. चौथी, रंगांचा दाखला. बंदी असलेले ॲझो रंग नाहीत याचं मान्य प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मालाआधी हातात नसेल तर इथे नमुने काढून तपासणी होते आणि तेवढे दिवस गोदामभाडं चढतं.

लेबलांवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश, नगसंख्या, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत हे सगळं लागतं. ते कारखान्यातच लावून घ्यावं. किंमत ठरवताना एक पायरी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर पाच टक्के जीएसटी, त्यावर अठरा. ताईंचा हिशोब २,६५० वर येत होता. वेणीची चार मिनिटं ठेवून, नगामागच्या खोक्याऐवजी साधी पिशवी घेऊन तो अडीच हजारांच्या आत आणला.

पैसे तीस टक्के आगाऊ, सत्तर टक्के तपासणीचा अहवाल आल्यावर, कागदांच्या बदल्यात. एवढ्या छोट्या रकमेला लेटर ऑफ क्रेडिट (पैशांची बँकेमार्फत हमी) बँकेच्या खर्चातच निम्मा फायदा खातो. आगाऊ रकमेपोटी पुढे बिल ऑफ एन्ट्री (माल आल्याचा सीमाशुल्काचा कागद) बँकेत जुळवून द्यावं लागतं. ते राहिलं तर पुढच्या खेपेच्या वेळी बँक अडवते. ढाक्याला शुक्रवारी सुट्टी, आपल्याकडे रविवारी. दोन्ही ईदला कारखाना बरेच दिवस बंद. गुरुवारी दुपारनंतर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शनिवारी येतं, हे धरूनच तारखा लावाव्यात.

माल जळगावात आल्यावर सगळे सहाशे नग ताईंच्या बायकांनीच पुन्हा पाहिले, ट्यूबलाइटवर गळा ताणून. विणणाऱ्या हाताला सुटलेला टाका तपासनिसापेक्षा लवकर दिसतो. बावीस नगांना सुई लावावी लागली. त्यासाठी प्रत्येक रंगाचा किलोभर सुताचा कोन लागतो, त्याच घाण्यातला. ऑर्डरमध्येच तो शेवटच्या पेटीत टाकायला लिहून द्यायचा, नाहीतर उरलेलं सूत कारखाना वजनावर विकून मोकळा होतो.